भरतीबरोबर येणारी हाक

मुंबईतील खारदांडा कोळीवाड्याच्या धक्क्यावर त्या दिवशी एवढा जनसमुदाय लोटला होता की, बोंबील वाळत घालण्याचे बांबूही दिसेनासे झाले होते. सर्वांची मुखे समुद्राकडे आणि सर्वांचे डोळे मिटलेले, कारण तशी आज्ञा होती. पाणी चढत होते. कोणी खोकला तर शेजारचा त्याला कोपराने ढोशी. इतक्यात ती हाक आली. आरंभी खर्जात, जणू जमिनीच्या पोटातून. मग हळूहळू चढत, दूरच्या होडीतून एखादा तरुण आपल्या मातेस साद घालीत असावा अशी लांबत गेली आणि शेवटी पाण्यावर विरली. माझ्या अंगावर काटा उभा राहिला, हे मी नाकारीत नाही.

"आला," सखुबाई पुटपुटली. "माजा परेश आला."

परेश हा सखुबाईचा एकुलता एक पुत्र. गेल्या वर्षीच्या भाद्रपदातील वादळात त्याची होडी रिकामी परत आली आणि देह सापडला नाही. देह नाही म्हणून सखुबाईने क्रियाकर्मही करू दिले नाही. घरात ती आणि सून कल्पिता अशा दोघीच उरल्या. मी त्यांचा शेजारी. गल्लीच्या तोंडाशी वाचनालयाची खोली आहे, ती उघडणे, झाडणे आणि तेथील पुस्तके वाचणे एवढाच माझा विद्याभ्यास.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ती हाक प्रथम ऐकू आली. ती सकाळी येई, दुपारी येई, कधी तिन्हीसांजेला येई. परंतु येई ती भरतीबरोबरच, आणि भरती जशी रोज थोडी पुढे सरकते तशी तीही सरके. मनुष्याची कामे घड्याळावर चालतात; ही गोष्ट दर्याच्या वेळेवर चालत होती. मग ती दर्याचीच, यात दांड्यात कोणालाही शंका राहिली नाही. भूत नसते, हे मी ठामपणे सांगे. "मग ते काय हाय, सहदेव?" असा प्रश्न आला की मी निरुत्तर होई. ज्याच्यापाशी नकार आहे परंतु खुलासा नाही, त्याचे म्हणणे कोण ऐकणार?

माझ्या मौनाची जागा दर्यानाथ नामक बाबाने भरून काढली. त्याचे गाव कोणते, हे कोणासही ठाऊक नव्हते. बर्फाच्या कारखान्यालगतच्या रिकाम्या शेडमध्ये त्याने गादी मांडली. हातात उंच काठी आणि तिच्या टोकाला लाल फडके.

"देखो माई," तो सांगे, "दर्याचं न् आपलं डायरेक्ट कनेक्शन आहे. वायरलेस. बीच में एजंट नाही." एजंट नव्हता हे खरे, मात्र एजंटाचे सुरमई-पापलेट प्रत्येक फेरीतून आधी बाजूला निघत असे.

त्याने लोकांना शिकविले की, डोळे मिटून समुद्राकडे तोंड करून उभे राहावे; हाक चढली म्हणजे होकार आणि उतरली म्हणजे नकार. प्रथम किरकोळ प्रश्न झाले. मनोरीच्या बाजूला मासळी मिळेल काय, अमक्याचा ताप उतरेल काय. त्या दिवशी मात्र तो गर्जला, "बोल पोरा, तुझी सुटका का होत नाही? तुझ्या बायकोने तुला धरून ठेवलंय?"

हाक चढली. एवढी चढली की लहान मुले रडू लागली.

मग निवाडा झाला. आश्विन पौर्णिमेला, दुपारच्या मोठ्या भरतीत, कल्पिताने गळ्याइतक्या पाण्यात उभे राहावे आणि परेशची हाक सुटल्याचा होकार देईपर्यंत बाहेर येऊ नये. परेशची होडी गादीला अर्पण करावी. दांड्यातील प्रत्येक माणूस जाणतो की, पौर्णिमेची भरती फिरली म्हणजे खाडीच्या मुखाशी पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय टिकत नाही. तरीही कोणी हूं की चूं केले नाही. सखुबाई सुनेकडे पाहत राहिली, आणि कल्पिताने मान डोलावली.

सायंकाळी मी तिच्या दारात गेलो. ती कोयता धूत होती. मी जितके वाचले होते तितके सर्व तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, तो हाक मारतो ना, तेव्हा माझ्या पोटात कळ येते. खोटं असतं तर कळ कशाला आली असती?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या वाचनालयात नव्हते. म्हणून मी रश्मीला फोन केला. रश्मी ही कल्पिताची शाळासोबतीण. तिचे वडील विदर्भातून आलेले, बौद्ध समाजातील, महापालिकेत नोकरीला होते. ती आता गोवंडीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकविते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आली आणि भरतीच्या वेळी गर्दीत माझ्याजवळ उभी राहिली. हाक आली, प्रश्न झाले, लोक पांगले. तिचाही चेहरा उतरला होता.

"आवाज खरंच माणसासारखा आहे," ती म्हणाली. "पण काका, तुम्ही सगळे डोळे मिटून समुद्राकडे तोंड करून होता. मी बाबाकडे बघत होते. काठी वर गेली की आवाज चढतो. काठी खाली आली की उतरतो."

"तो आत्म्याला हुकूम देतो म्हणतात."

"मग आत्म्याला काठी दिसायला हवी. काठी कोणाला दिसते? तिच्यासमोर ती खिडकी कसली आहे?"

ती बर्फाच्या कारखान्याची खिडकी होती.

तिने पुढे विचारले की, पावसाळ्यात हाक येत होती काय. मासेमारी बंद होती त्या दोन महिन्यांत ती आली नव्हती, हे मला आठवले. आत्मे चातुर्मासात निद्रिस्त असतात, असे बाबाने त्या वेळी सांगितले होते.

"चातुर्मास अजून संपलेला नाही, काका," रश्मी म्हणाली. "कार्तिकी एकादशी झाली का? बरं, मला सांगा, होड्यांना बर्फ कधी देतात?"

"भरतीला. ओहोटीत होडी धक्क्याला लागणार कशी?"

वाक्य तोंडातून निघाले आणि माझेच शब्द माझ्या कानी पडले. मासेमारी बंद तर बर्फ बंद. भरती आली की बर्फ सुरू. आम्ही जन्मभर भरतीवर जगणारी माणसे. जे भरतीबरोबर येते ते समुद्राचेच, असे समजून बसलो होतो. भरतीबरोबर तर आम्हीही कामाला लागतो, हे आमच्या ध्यानी आले नाही.

कारखान्याचे मालक जयंतीशेठ यांनी आम्हांस आत नेले. बर्फाचा चुरा पत्र्याच्या लांब नळातून होडीत जातो. नळातील बर्फ पुढे ढकलणारे मळसूत्र मोटर फिरविते. विजेचे बिल वाढू नये म्हणून गेल्या दिवाळीत शेठने त्या मोटरीला ड्राइव्ह म्हणतात ते उपकरण बसविले होते. भिंतीवर करडी पेटी आणि तिच्यावर एक गोल बटण. ते फिरविले की मोटरीचा वेग बदले, आणि वेगाबरोबर नळातून घुमणारा तिचा सूरही. पेटीजवळ काम करणारा सिद्धेश बाबाचा शिष्य आहे, हे शेठना ठाऊक होते. तो काठी पाहून बटण फिरवितो, हे ठाऊक नव्हते.

त्या सायंकाळी आम्ही दोघांनी सखुबाईला आणि कल्पिताला सर्व सांगितले. सखुबाईने तोंड फिरविले. "तुमची पुस्तकं तुमच्यापाशी ठेवा. आईचा कान चुकंल काय?" कल्पिता एवढेच म्हणाली की, उद्या ती पाण्यात गेली नाही तर सासू जन्मभर तिच्याकडे त्याच नजरेने पाहील. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागले. कल्पिता हिरव्या लुगड्यात उतरली. कंबर, छाती, गळा. लाट आली की केवळ तिचा अंबाडा दिसे. बाबाने काठी उचलली आणि हाक घुमू लागली.

मी सखुबाईचा हात धरला आणि म्हणालो, "वहिनी, परेशला जवळून ऐकायचंय? चला." याखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाक्याने ती जागची हलली नसती.

कारखान्यात सिद्धेशला शेठने बाजूला बसविले होते आणि पेटीशी रश्मी उभी होती. आत तो आवाज एवढा मोठा होता की सखुबाई दाराशीच थबकली. तिने चहूकडे पाहिले. ती खरोखर मुलाला शोधीत होती. रश्मीने तिचा उजवा हात घेऊन बटणावर ठेवला.

"मावशी, फिरवा."

सखुबाईने बटण उजवीकडे नेले. तिचा परेश टाहो फोडीत चढला. तिने दचकून डावीकडे आणले. तो खाली उतरला, कण्हू लागला. बाहेर बाबाचा आवाज ऐकू येत होता, "बोल पोरा, सुटलास?" तिने पुन्हा उजवीकडे फिरविले, पुन्हा डावीकडे. तिचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही. एखाद्या आईने स्वतःच्याच हाताने झाकण उघडावे आणि आत काहीच नसावे, तसा तो होता.

"म्हंजे ह्यो माजा पोर नाय," ती हळूच म्हणाली.

मग तिने बटण पार शेवटपर्यंत डावीकडे नेले. हाक मरत गेली. एवढी शांतता झाली की पाण्याचा धक्क्यावरील मार ऐकू येऊ लागला.

बाहेर बाबा काठी नाचवीत ओरडत होता. उत्तर येत नव्हते. "नाराज झाला, आत्मा नाराज झाला," तो म्हणू लागला. गर्दी फोडून सखुबाई पायऱ्यांवर गेली. पाणी फिरले होते आणि कल्पिता दोन हात आत ओढली गेली होती.

"कल्पिते, भायेर ये. ये गं माजे बाय."

दोन तरुणांनी उड्या टाकून तिला काठाशी आणले. बाबा म्हणाला की, आत्मा आता बिजलीत शिरला आहे. सखुबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "फिरवणारा हात माजा होता," ती म्हणाली. त्याने काठी खाली घेतली आणि शेडकडे पाय काढला. संध्याकाळी शेड रिकामी होती. सिद्धेश मात्र कोपऱ्यात बसून रडला. आपण दुःखी आईला दिलासा देत आहोत, असे त्याला पटविण्यात आले होते.

रश्मीने धक्क्यावर बसून सर्वांना तो प्रकार समजाविला. तारेतून येणारी वीज पाण्यासारखी एकाच दिशेने वाहत नाही. ती लाटेसारखी पुढेमागे हेलकावते, सेकंदाला पन्नास वेळा. साधी मोटर त्याच लाटेच्या तालाला बांधलेली, म्हणून तिचा वेग आणि सूर एकच.

"मिठागर बघितलंय ना?" तिने विचारले. "भरतीचं पाणी आत घेतलं की लाटा मोडतात, पाणी स्थिर होतं. ही पेटी पहिल्यांदा तेच करते. हेलकावणाऱ्या विजेला सरळ करून साठवते. मग मिठागराच्या दाराची फळी भराभर उघडझाप केली तर आपल्याला हवी तशी लाट सोडता येईल ना? पेटीत तशा विजेच्या फळ्या आहेत, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या. कधी जास्त वेळ उघड्या, कधी कमी. त्यातून नवी लाट तयार होते, दहाची, तिसाची, पन्नासाची. मोटर तिच्या तालावर फिरते आणि गातेही. लांब पत्र्याचा नळ त्या गाण्याची तुतारी करतो."

एका म्हाताऱ्याने विचारले की, मग तो परेशसारखा का वाटला. रश्मी त्याच्याकडे वळली. "कारण तुम्ही त्याची वाट बघत होता," ती म्हणाली.

त्यानंतर सखुबाईने मुलाचे क्रियाकर्म केले. होडी दोघींच्या नावावर राहिली आहे. मोटर आजही भरतीला सुरू होते, आणि खरे सांगावयाचे तर, तो सूर चढू लागला म्हणजे धक्क्यावरचे बोलणे आजही क्षणभर थांबते. कारण समजले म्हणून दुःख लगेच निघून जात नाही. परंतु कारण समजल्यामुळे एक जिवंत मुलगी पाण्याबाहेर आली.

वाचकहो, माझी विनंती एवढीच आहे. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला तर लाज बाळगू नका. प्रेम करणाऱ्याला तो ऐकू येतोच. परंतु त्या आवाजाचा अर्थ सांगावयास कोणी पुढे आला आणि डोळे मिटावयास म्हणाला, तर त्याच क्षणी डोळे उघडा, मागे वळा, आणि जिवंत माणसाला त्याची किंमत मोजावयास लावण्यापूर्वी तो आवाज कोठून येतो हे जाऊन पाहा.