डोंगर बाकी

"वाईट वाटून घेऊ नका ताई, पण काकांची नजर गेली होती," असं म्हणत सलिलने रेंजफाइंडर टेबलावर ठेवला, नेमका गुणाजींच्या चष्म्याशेजारी.

रसिकाने चष्मा उचलून कपाटात ठेवला. वडील गुणाजी जाऊन पंचवीस दिवस झाले होते. नेहमीसारखी रविवारची ती ठाण्याहून डोंबिवलीला आईकडे आली होती.

"काय झालंय त्याला?"

"लांबचं चुकतंय. ऑफिसच्या पिकनिकला तीस फुटांवरून ग्रुप फोटो काढलेले. अख्खा रोल धुरकट. आमच्या फिल्म कॅमेरावाल्यांच्या ग्रुपवर तीनशे जण आहेत, सगळे दुरुस्तीला काकांकडेच पाठवायचे. आता विचारतायत, कसं काम झालं. खरं ते सांगावं लागेल ना?"

"खरंच सांगा," रसिका म्हणाली. "पण आधी ते काय आहे ते बघू."

काडेपेटीपेक्षा थोडी लांबट अशी ती निकेलची डबी. ज्या जुन्या कॅमेऱ्यांना अंतर कळत नाही, त्यांच्या डोक्यावर ती बसवायची. आत डोळा लावला की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, त्यातली एक पिवळसर. चाक फिरवत दोन्ही एकमेकींवर आणायच्या, की चाकावर फुटांचा आकडा येतो. गुणाजी सावंतांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं असले आरसे बसवले. कारखाना बंद पडल्यावर ते घरच्या टेबलाशी बसून दुरुस्त्या करू लागले. मधली बरीच वर्षं कुणी फिरकलं नाही. मग सलिलसारखी मुलं आजोबांच्या कपाटांतून कॅमेरे काढू लागली आणि सत्तरीनंतर गुणाजींना पुन्हा काम आलं. एकट्याच्या डोळ्यावर मात्र त्यांचा कधी भरवसा नसे. रसिका शाळेत होती तेव्हापासून ते डबी तिच्यापुढे धरून विचारत, "एक की दोन?" ती "एक" म्हणाली की मगच डबीचं झाकण बंद व्हायचं.

ती फाइंडर घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. तिथल्या लादीवर गुणाजींनी पांढऱ्या रंगाने रेघा आखलेल्या होत्या: तीन फूट, पाच, सात, दहा. प्रत्येक रेघेवर उभं राहून तिने मीटरच्या पेटीची कड पाहिली. चारही आकडे बरोबर आले.

"जवळचं मी पण चूक म्हणत नाही," सलिल म्हणाला. "लांबचं बघा."

लांबचं बघायला खिडकी कामाची नव्हती. समोर चाळीस फुटांवर दुसरी इमारत होती. बाबा गच्चीवर जायचे आणि तिथून मलंगगडाचा सुळका धरायचे. एखादा टॉवर धरा म्हटलं तर म्हणायचे, इमारती आज आहेत, उद्या पाडतात.

"गच्ची बंद आहे गो," आई, मालन, दारातून म्हणाली. "मोबाइलवाल्यांना भाड्याने दिली ना, तेव्हापासून. चारदा गेलेले ते प्रफुल्लकडे चावी मागायला. मग नाय गेले."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कधी बोलणार? तू येतेस रविवारची चार तास. त्यातला एक तास मोबाइलवर."

रसिकाने आत जाऊन टेबलावरचा बाबांचा बारीक स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि ती जिना उतरली. सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्ल नाईक पहिल्या मजल्यावर राहत. ते बनियनवर पेपर वाचत बसले होते.

"अर्ज दे रसिका. कमिटीपुढे ठेवतो. तिथे केबली आहेत, उद्या कुणाला शॉक लागला तर?"

"बाबांनी दिला होता अर्ज?"

"काका आलेले दोन-तीनदा. मी बोललो त्यांना, काका, या वयात कशाला जिने चढता, आराम करा. त्यांच्या भल्यासाठीच गं."

चावी दारामागच्या खिळ्यावर होती. रसिकाने ती काढून घेतली.

"अगं ए, ही चोरी झाली."

"तुमच्यासमोर घेतेय. चोर असं सांगून नेत नाहीत."

सलिल जिन्यात घुटमळत होता. "मी इथेच थांबू का?"

"चला वर," ती म्हणाली. "आरोप तुम्ही केलाय."

गच्चीवर मोबाइल कंपनीच्या पेट्या घुमत होत्या. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यातून, समोरच्या दोन उंच इमारतींच्या फटीत, मलंगगडाचा सुळका अजून दिसत होता. रसिकाने चाक शेवटपर्यंत, आडव्या पडलेल्या आठाच्या, म्हणजे अनंताच्या खुणेवर नेलं आणि डोळा लावला. सुळके दोन होते.

तिने डोळा पुसून पुन्हा पाहिलं. दोनच.

"चाक फिरवून एक करा," सलिल हळू आवाजात म्हणाला. "किती फूट येतंय?"

"शंभर."

म्हणजे या फाइंडरच्या मते मलंगगड शंभर फुटांवर होता. सलिलने मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद त्यालाही झालेला दिसला नाही. पंचवीस दिवसांत रसिका कुणासमोर रडली नव्हती. याच्यासमोर तर ती मुळीच रडणार नव्हती.

गुडघ्यावर हात देत मालन वर पोचली. श्वास आवरून तिने विचारलं, "चिठ्ठीत काय लिवलंय?"

"कसली चिठ्ठी?"

"चिठ्ठी घातल्याबिगर ते कुणाला काय देत नव्हते."

सलिलने बॅगेतून फाइंडरचं चामडी पाकीट काढलं. झाकणाच्या आत घडी केलेला कागद होता. "हा? मला वाटलं, गॅरंटीचं काहीतरी असेल. उघडलाच नाही."

रसिकाने मोठ्याने वाचलं. "दहा फुटांपर्यंत खात्री आहे. पुढे वापरू नये. डोंगर बाकी. गच्चीची चावी मिळाली नाही, मिळताच कळवीन, तेव्हा आणून द्यावे. गुणाजी सावंत."

तोवर शर्टाची बटणं लावत प्रफुल्लही गच्चीच्या दारापर्यंत आले होते, म्हणून तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. तितक्याच सावकाश.

रसिकाने पर्समधून तो स्क्रूड्रायव्हर काढला आणि फाइंडरच्या पाठीवरचा स्क्रू केसभर फिरवला. मग आणखी केसभर. सुळके एकमेकांजवळ सरकले. तिला वाटलं, झाले एक. पण तिच्या एकटीच्या वाटण्यावर या घरात आजवर झाकण लागलं नव्हतं.

"आई, बघ."

"मी? पंचेचाळीस वर्षं टेबलाला हात लावू दिला नाय मला."

"बघ ना."

मालनने फाइंडर दोन्ही हातांनी धरला. चुकीचा डोळा लावला, मग बरोबर. बराच वेळ ती पाहत राहिली.

"एक," ती म्हणाली.

"ग्रुपवर काय लिहू, ताई?" सलिलने विचारलं.

"चिठ्ठीचा फोटो टाका. अक्षर वाचता येईल असा. आणि खाली जाऊन दहा फुटांची रेघ पुन्हा तपासा, स्क्रू हलवलाय. येताना टेबलाच्या वरच्या खणातलं सगळं घेऊन या."

तो एका ताटात चार फाइंडर घेऊन आला. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती, प्रत्येकीवर तेच दोन शब्द. दहा फूट बरोबर आलं, असं त्याने आल्याआल्या सांगितलं.

"झालं ना आता?" प्रफुल्लने हात पुढे केला. "चावी दे."

मालन टाकीच्या कट्ट्यावर बसली होती. फाइंडर डोळ्यांवरून न काढताच ती म्हणाली, "थांब रे प्रफुल्ल. अजून चार आहेत."

रसिकाने पुढचा उचलला. त्याखालची चिठ्ठी वाऱ्याने उडायला लागली. प्रफुल्लने एकदा जिन्याकडे पाहिलं, मग खाली वाकून चिठ्ठीवर हात ठेवला आणि ते तसेच उन्हात बसून राहिले.