हुआंगशानवरची खिचडी

लंडनमध्ये, वेम्बलीच्या हॉलमध्ये, चीनच्या सहलीचे फोटो दाखवताना पडद्यावर ढगांचा समुद्र उसळला आणि सगळ्या मराठी मंडळानं एका सुरात "वाऽऽ" केलं. रेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चीनमधला हा हुआंगशान डोंगर खरं तर तिचा होता. शेजारच्या चिनी बाईनं दिलेल्या कॅलेंडरचं पान, खडकातून वाकडं उगवलेलं पाइनचं झाड, तिनं वर्षानुवर्षं फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. "एकदा जाऊ या," असं तिनंच नवऱ्याला, हरीशला, म्हटलं होतं. त्यानं मंडळातली दहा माणसं गोळा केली आणि आपल्या लोकांचं घोडं नेहमी जिथे अडतं तिथेच अडलं. चिनी खाऊन पोट बिघडलं तर? झालं! रेखाच्या बॅगेत राइस कुकर, मुगाची डाळ आणि गोडा मसाला भरला गेला. मंडळी सूर्योदयाला गेली की ही डोंगरमाथ्यावरच्या हॉटेलात कांदे चिरायची, मंडळी शिखरावर गेली की बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासायची. इतक्या लांब जाऊन बाई लष्कराच्या भाकऱ्या भाजत बसली.

"आणि हा बघा सूर्योदय!" हरीश माइकवर रंगात आला होता. सूर्य जणू यानंच ढकलून वर आणला होता.

पुढच्या रांगेतल्या पूर्वीनं वळून विचारलं, "काकू, तुम्हाला कुठला व्ह्यू बेस्ट वाटला?"

उत्तर हरीशनंच दिलं. "अगं, हिच्या खिचडीशिवाय आम्ही वर टिकलोच नसतो!" टाळ्या पडल्या.

रेखा उठली. "पूर्वी, मी काही पाहिलंच नाही. एक शिखर नाही, एक झाड नाही. यांनी मला तिथवर नेलं आणि स्वयंपाकाला जुंपलं."

हरीश कसनुसं हसला. "अगं, तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. रोज सांगितलं. तुम्ही रोज म्हणालात, उद्या बघू." तिनं पडद्यावरच्या सूर्याकडे बोट दाखवलं. "ऑक्टोबरमध्ये मी परत जातेय. एकटी. बुकिंग झालंय. मिळेल ते खाईन, नाहीतर उपाशी राहीन, पण डोळे भरून बघेन."

मंडळाचा सेक्रेटरी यतीन खाकरला आणि मनापासून काळजीनं म्हणाला, "पण काकू, ऑक्टोबरमध्ये तर आपली स्कॉटलंडची ट्रिप आहे. मग तिकडे स्वयंपाक कोण करणार?"

सगळ्यांनी रेखाकडे पाहिलं. प्रश्न सगळ्यांना अगदी रास्त वाटला होता.