निळ्या दोऱ्याशेजारचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. आजोबा पेपर वाचायला घेतात ते नव्हे. मी कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारे आणि फुलाच्या वीतभर जवळ जाऊन त्याचे परागकण दाखवणारे भिंग आहे. काचेचे सहा तुकडे एकामागे एक बसवून झाल्यावर कारागिराने मला उजेडाकडे धरले आणि मान डोलावली. तेवढ्या जोरावर मी पुढे बरीच वर्षे ऐटीत होतो.

मला विकत घेतले एका घड्याळजीने. रस्त्याकडच्या खोलीत त्याचे दुकान, मागे अंगण आणि अंगणात त्याच्या थोरल्या बहिणीची बाग. त्याच्या हातात सदानकदा चिमटा असे, म्हणून साठीच्या भावालाही ताई 'चिमट्या' म्हणूनच हाक मारायची. ताई फुलांचे नवे वाण तयार करायची. एका फुलाचे पराग ब्रशाने दुसऱ्याला लावायचे आणि त्या देठाला निळा दोरा बांधायचा. निळा दोरा म्हणजे हे फूल बी धरणार आहे. ताईचे गुडघे धरलेले असल्याने सुकलेली फुले काढायचे काम भावाकडे होते. त्याला नियम एकच होता: दोरा असेल त्याला कात्री लावायची नाही.

सुरुवातीला आमचे फोटो म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. भर दुपारच्या उन्हात पाकळ्या पांढऱ्याफटक यायच्या. मी इतक्या जवळून पाहतो, की वाऱ्याने फूल केसभर हलले तरी सगळे धूसर होते. ताई फोटो उलटा धरून विचारायची, हे फूल आहे की फुटलेले अंडे? पण घड्याळजी चिवट माणूस. तो सकाळी, वारा पडलेला असताना बागेत येऊ लागला. फुलामागे पुठ्ठा उभा केला, सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरला. फोटो स्पष्ट यावा म्हणून माझे कडे फिरवत बसण्यापेक्षा आपणच तसूभर मागेपुढे झुकावे, हे त्याला उमगले. मग श्वास रोखून बटण दाबायचे. त्याआधी मात्र चिमट्याने फोटोची चौकट साफ करायची. वाळके पान, कोळ्याचा धागा, मेलेली मुंगी, काही ठेवायचे नाही. त्याची ही सफाई मला फार आवडायची. तीच आमच्या अंगाशी आली.

अकरा वर्षांच्या खटपटीनंतर ताईच्या एका लिलीला हवे तसे फूल आले. पांढरे, आणि गळ्याशी वांग्यासारखे जांभळे. एकच दांडा, एकच फूल, आणि खाली कंद कुजायला लागलेला. म्हणजे बी धरले तरच वाण राहणार होते. ताईने पराग लावले, दोरा बांधला, आणि त्याच दुपारी छातीत दुखू लागल्याने तिला दवाखान्यात न्यावे लागले. जाताना तिने भावाला एवढेच सांगितले, की दोऱ्यावर लक्ष ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता. फोटो काढून ताईला नेऊन दाखवावा, असे घड्याळजीच्या मनात आले. चौकटीत सगळे सुरेख होते, फक्त देठाचा तो निळा दोरा खुपत होता. मलाही खुपला, खोटे कशाला बोलू? त्याने चिमट्याने गाठ सोडवली, परत बांधू म्हणून दोरा माझ्या चामड्याच्या पिशवीत ठेवला, श्वास रोखला आणि बटण दाबले. तेवढ्यात दुकानातून गिऱ्हाइकाने हाक मारली. दोरा पिशवीतच राहिला.

पुढचे आठ-दहा दिवस दुकान आणि दवाखाना यांतच गेले. ताई घरी येणार त्या सकाळी, तिला बाग नीटनेटकी दिसावी म्हणून तो कात्री घेऊन वाफ्यात शिरला. सुकलेली लिली सगळी सारखीच दिसते. त्याने प्रत्येक देठावर दोरा शोधला. ताईने आधी बांधलेले तीन दोरे सापडले, ते देठ त्याने जपून राखले. बाकी सगळे कापले आणि केर जाळून टाकला.

ताई आली ती थेट वाफ्याशी गेली आणि देठांवरचे दोरे मोजू लागली.

“चिमट्या, चौथा दोरा कुठाय?”

घड्याळजी आत गेला, माझी पिशवी घेऊन आला आणि त्यातला दोरा तिच्यापुढे धरला. ताईने तो घेतला नाही.

“फोटो तरी चांगला आलाय का?”

“चांगला आलाय.”

“मग झालं तर,” असे म्हणून ती आत जाऊन पडली. फोटो तिने कधीच मागितला नाही. पुढच्या बहराआधी ती गेली.

दुकानात येणाऱ्या एका ओळखीच्याने तो फोटो हौसेने स्पर्धेला पाठवला. पहिला नंबर आला. परीक्षकांनी लिहिले होते, की चौकटीत नको असलेले काहीही नाही. घड्याळजीने ते पत्र वाचले आणि त्याच दिवशी मला दोऱ्यासकट पिशवीत घालून ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवून दिले.

त्याला अठरा वर्षे झाली. ओल लागून माझ्या काचांमध्ये बुरशी पसरली आहे. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळे उघडून साफ करणाऱ्याला मला साफ करणे काही अवघड नव्हते. एकदा त्याने कपाट उघडले, पिशवीवरून हात फिरवला आणि ती पुन्हा आत सारली. मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, भिंग कोरड्या जागी ठेवा, सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, हे तर सांगतोच. पण चौकटीत काही खुपले, तर ते काढण्याआधी कोणी आणि कशासाठी बांधले आहे, एवढे विचारा. वीतभर अंतरावरची मुंगी मला तिच्या मिशांसकट दिसते. तो दोरा मात्र इतकी वर्षे मला चिकटून पडला आहे, आणि इतक्या जवळचे मला दिसत नाही.