आवाज न करणारं कार्ड

जालन्यात मस्तगडला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकही वस्तू मी मोजल्याशिवाय दिलेली नाही. बाजारात बाकीचे लोक खोक्यावरचं चित्र दाखवून माल खपवतात आणि गिऱ्हाईकही चित्र बघून खूश होतं. मला त्याची चीड येते. ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘चालून जाईल’ असलं कोणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. शैला, माझी बायको, म्हणते की तुम्ही माणसालाही मीटर लावून बघता. बघतो. हे आधीच सांगतोय, कारण पुढे जे झालं ते मोजमाप चुकल्यामुळे झालेलं नाही. मोजमाप बरोबर होतं.

एप्रिलच्या शेवटी वडीगोद्रीचा कल्याण दुकानात आला. तो लग्नांचे व्हिडिओ करतो, माझं जुनंच गिऱ्हाईक. त्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे व्हिडिओचं जड काम ओढणारा भाग, सहा वर्षांचं झालं होतं. काम सुरू झालं की त्याचे दोन पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडायचे.

“काका, स्पीड थोडी कमी असली तरी चालंल,” तो म्हणाला. “पर आवाज नको. आण्णांच्या मशीनचा आवाज, त्यात ह्याचा. दोन वर्सं झाली, आई बराबर झोपली न्हाई.”

आण्णा म्हणजे त्याचे वडील, रामराव. कोरोनात त्यांची फुप्फुसं गेली, तेव्हापासून ते खाटेवर होते. नाकात नळी आणि उशाशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, चोवीस तास. ते बंद पडलं तर माणूस फार वेळ काढू शकणार नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

“घरी इन्व्हर्टर आहे ना?” मी विचारलं.

“हाय की. लाइट गेली तर आण्णांची मशीन तीन तास बिनघोर चालती.”

“आणि कॉम्प्युटर?”

“तोबी त्याच्यावरच हाय. पर लाइट गेली की आई पहिलं त्याचं बटन बंद करती. मी घरी असो न्हाई तर नसो.”

ते ऐकून माझं समाधान झालं. कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे त्या माउलीला कसं कळतं, हे मी विचारलं नाही.

मागच्या खोलीत दार लावून मी तीन कार्डं मोजली. प्रत्येकाला तेच काम दिलं, अर्धा-अर्धा तास. पहिलं सत्तेचाळीस डेसिबल, अठ्ठ्याहत्तर अंश तापलं, वीज एकशे सत्तर वॅट. दुसरं त्याच्या थोडं इकडेतिकडे. तिसरं लांबलचक होतं, तीन पंख्यांचं, हातात विटेएवढं जड. ते अडीचशे वॅट ओढत होतं, पण अंगावर धातूच एवढा होता की पंख्यांना धावायची गरजच पडत नव्हती. तापमान बासष्टच्या वर गेलं नाही. आवाज बत्तीस डेसिबल. एवढा आवाज रिकाम्या खोलीलाही असतो.

कल्याणनं कॉम्प्युटरच्या पेटीला कान लावला. “बंद पडलं का, काका?”

“चालू आहे. पूर्ण ताकदीनं चालू आहे.”

तो हसला आणि मला माझा फार अभिमान वाटला. लाइट गेली आणि परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी सोयही त्यानं मागितली. तीही मी करून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “काका, काल आण्णा गेले.”

मग तो थांबून थांबून सांगत गेला. आदल्या संध्याकाळी आई कीर्तनाला गेली असताना त्यानं नवं कार्ड बसवलं. आईला मुद्दाम सांगितलं नाही, झोप लागली की तिला कळेलच म्हणून. सकाळी एका व्हिडिओचं काम लावून, कॉम्प्युटरचा पडदा बंद करून, सात वाजता तो जांब समर्थला एका लग्नाच्या शूटिंगला गेला. नऊला लाइट गेली. साडेदहाला आई शेजारून घरी आली तेव्हा मशीन बंद होतं आणि आण्णाही.

“तीन तासाची बॅटरी दीड तासाच्या आत कशी बसती? आईनं कॉम्प्युटरचं बटन बंद केल्तं. मी बारा वाजता आल्तो, सोता पाह्यलं, बंदच होतं. तुम्ही मीटर घेऊन या. त्या बॅटरीवाल्याला मी सोडत न्हाई.”

दहावं झाल्यावर मी गेलो. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि ऑक्सिजनच्या मशीनवर टॉवेल टाकलेला होता. मी खाली बसून बॅटरी तपासली. पाणी बरोबर, वायरी घट्ट. तिच्यावर भार टाकून पाऊण तास काटा बघत राहिलो. काटा जेवढा उतरायला हवा तेवढाच उतरला. बॅटरी ठणठणीत होती. मला काही सुचेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात भावकीतले तातेराव भेटायला आले म्हणून कल्याण ओसरीवर गेला. उषाबाई, त्याची आई, पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या. तांब्या ठेवला आणि तिथंच जमिनीवर टेकल्या.

“भाऊ, बॅटरीत काही निघालं न्हाई ना?”

मी मीटरच्या काट्याकडे बघितलं.

“न्हाईच निघायचं. चूक माझी हाय.” त्या एकदम हळू बोलत होत्या. “लाइट गेली तवा मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राह्यले. कान दिला. दरवेळी असंच करते. पेटीचा आवाज आला तर टेबलाखाली वाकून बटन बंद करायचं. न्हाई आला तर उगं कशाला वाकायचं, गुडघे साथ देत न्हाईत. त्या दिवशी आवाज बिलकुल आला न्हाई. म्हनलं, लेकरानं बंद करून ठिवलं, आता तीन तास घोर न्हाई. शेजारी दैवशालाच्या कुरडया चालल्या होत्या, तिला हात लावू लागायला गेल्ते. ह्यांना सांगून गेल्ते. हे म्हनले, जा, येताना वाटीभर चीक घेऊन ये.”

पदर त्यांनी तोंडाला लावला. मग तो खाली करून पुढे सांगू लागल्या.

“घरी आले तवा वाटी हातातच होती माझ्या. मंग साडेअकराला लाइट आली आन् त्या खोलीत कॉम्प्युटरचा पडदा उजळला. पेटी आपली आपण सुरू झाली. तवा कळलं, बटन चालूच होतं. ह्यांना तसंच ठिवून मी उठले, वाकले आन् बंद केलं. कल्याण यायच्या आत. माझे कान गेले, भाऊ. त्या पेटीला आवाज होता, मलाच आला न्हाई. हे मी त्याला कोन्या तोंडानं सांगू?”

बाहेर तातेराव पावसापाण्याचं काहीतरी बोलत होते. आत शब्द न् शब्द ऐकू येत होता, उषाबाईंनाही आणि मलाही. मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. म्हातारीचे कान गेले होते, संपलं. माझ्या बत्तीस डेसिबलचं नाव कुठंच आलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, नाही कशाला म्हणू. माझीच मला किळस आली.

“वहिनी, तुमचे कान शाबूत आहेत,” मी म्हणालो. “पेटीला आवाजच नव्हता. आतला भाग कल्याणनं आदल्या दिवशी बदलला. आवाज न करणारा पाहिजे म्हणून माझ्याकडून नेला. मीच निवडून दिला.”

“कशापायी बदलला?”

“तुमची झोप व्हावी म्हणून.”

त्यांच्या तोंडावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. एवढा मूर्ख मी. त्या कल्याणच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या.

“मंग हे त्याला कधीच कळू द्यायचं न्हाई,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझं काय, मी किती दिवसाची. त्यो जल्मभर सोताला खात बसंल. तुम्ही म्हना, बॅटरी खराब होती.”

“ती खराब नाही, वहिनी.”

“म्हना, भाऊ.”

कल्याण आत आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. “काय निघालं, काका?”

मीटर माझ्या पायाशी होतं आणि त्यावर बॅटरीचा बरोबर आकडा दिसत होता. तो वाकायच्या आत मी ते बंद केलं.

“बॅटरी गेलेली आहे,” मी म्हणालो. “आतून. वरून कळत नाही.”

“म्या म्हनलोच होतो,” तो म्हणाला आणि भिंतीला पाठ घासत खाली बसला. मग एकदम मोठ्यानं रडायला लागला. दहा दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, असं उषाबाईंनी मला नंतर सांगितलं. त्या त्याच्याजवळ सरकल्या आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी तेव्हा बघितलं नाही.

ते खोटं मलाही सोयीचंच होतं. तरी उषाबाईंसाठी बोललो की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि ते मोजायला माझ्याकडे काही नाही.

बॅटरीवाल्याशी भांडून उपयोग नाही, वॉरंटीची मुदत संपली आहे, असंही एक ठोकून दिलं. दुसऱ्या कोणी तपासू नये म्हणून बॅटरी मी गाडीत घालून घेऊन आलो. ती माझ्या मागच्या खोलीत आहे. परवा गल्लीतली लाइट गेली तेव्हा रामरावांच्या मशीनला लागायची तेवढ्याच विजेचा भार मी तिला लावला आणि घड्याळ घेऊन समोर बसलो. शैला दोनदा जेवायला बोलवून गेली. बॅटरी तीन तास सात मिनिटं चालली.