इथे एकदाच विचारतात

“छे छे, मी कुठली! तुमच्या खुर्चीत बसायची माझी काय लायकी?”

एवढं बोलून मी हातातल्या पँटच्या दुमडीत टाचणी खोचली आणि गुनिल्ला पुन्हा विचारेल म्हणून थांबले.

“ठीक आहे,” गुनिल्ला म्हणाली. “मग दुसरं कोणी शोधते.” कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि कप विसळायला गेली.

मिनिटभरापूर्वीच तिने विचारलं होतं, “वसंतात मला सत्तर पूर्ण होतात. बास झालं. दुकान तू घेशील?” गोथेनबर्गमधल्या या कपडेदुरुस्तीच्या दुकानात मी चौदा वर्षं काम करत होते. चेनी बदलणं, कोटांची अस्तरं, पडद्यांच्या पट्ट्या. चौदा वर्षं देवाकडे मागितलं ते एवढंच, आणि ते समोर आलं तेव्हा मी ‘छे’ म्हणाले.

इराणमधल्या आमच्या करमान गावात पहिलं ‘नको’ म्हणजे उंबऱ्यापाशी चपला काढणं. आत तर यायचंच असतं. त्याला आम्ही तारुफ म्हणतो. माझ्या लग्नात मौलवींनी संमती विचारली तेव्हा मी गप्प. बायका ओरडल्या, “नवरी फुलं वेचायला गेलीय!” पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. “नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!” तिसऱ्या खेपेला, थोरामोठ्यांच्या परवानगीने, हो. पहिल्याच फटक्यात हो म्हटलं असतं तर सासूने आयुष्यभर ऐकवलं असतं. ऐकवलंच म्हणा, पण दुसऱ्या कारणांनी.

इथे ओरडायला बायका नव्हत्या. पहिल्या वर्षी दालचिनीचा पाव पुढे आला की मी ‘नको’ म्हणायचे आणि ताटली पुढे जायची. सहा महिने असे उपाशी काढल्यावर शहाणी झाले. पण ते पावापुरतं. दुकानाच्या वेळी जुनी जीभच आधी हलली.

चौकापलीकडे इफ्फतचं केस कापायचं दुकान आहे. ती शिराजची, गिऱ्हाइकांशी जीभ गुलाबपाण्यातली, मैत्रिणींशी कात्री.

“अगं गाढवे,” ती म्हणाली. हातात कोणाचं तरी अर्धं रंगवलेलं डोकं होतं. “तीनदा विचारायला ती काय तुझी आत्या आहे?”

“मग काय करू, इफ्फत जान?”

“काहीतरी गोड करून ने. दुकानाचं कौतुक कर, एक उसासा टाक. बाईमाणूस आहे, समजेल तिला.”

ज्याच्यामुळे घोटाळा झाला त्याच औषधाचा दुसरा डोस. पण मी घेतला. रविवारभर खपून आमच्या गावची खजूर भरलेली बिस्किटं, कोलोंपे, भाजली, सोमवारी डबा पुढे ठेवला. “हे दुकान म्हणजे माझं दुसरं घर,” मी म्हटलं आणि उसासा टाकला.

गुनिल्लाने दोन खाल्ली. “सुंदर झालीत. हो, तुला चुकल्यासारखं होईल खरं.” आणि उरलेली घरी घेऊन गेली.

बुधवारी एक उंच माणूस टेप घेऊन आला. त्याला चष्म्यांचं दुकान थाटायचं होतं. माझ्या मशीनमागे उभा राहून त्याने खिडकी मोजली. “इथे मोठा आरसा,” तो म्हणाला. मी मान वर केली नाही. तो गेल्यावर पाहिलं, तर हातातल्या कोटाची बाही मी मनगटापाशी शिवून बंद केली होती.

ती उसवत बसले, एकेक टाका. कोणी विचारतं, कोणाकडून शिकलीस? टाका आईकडून, ती डोळे मिटूनही शालीवर सरूची झाडं भरायची. पण त्या आईने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि ती गेल्यावर सगळ्यांनी तिची फार स्तुती केली. गुनिल्लाची स्तुती कोणी करत नाही. एका श्रीमंत बाईला तिने तोंडावर सांगितलं होतं, “नाही. हा कोट आता तुला होत नाही.” त्यानंतर ती बाई दहा वर्षं दुसरीकडे गेली नाही. हे बोलणंही मी रोज शेजारी बसून ऐकत होतेच की. शिकायचं मात्र राहून गेलं होतं.

गुरुवारी ट्राममध्ये ओठातल्या ओठात घोकत गेले. कोट काढायच्या आधीच बोलले.

“गुनिल्ला, मला दुकान हवं आहे.”

ती थबकली. “तू नाही म्हणालीस.”

“म्हणाले. चुकलं माझं. तू पुन्हा विचारशील असं वाटलं होतं.”

“पुन्हा कशाला विचारू? तू मोठी बाई आहेस. तुझ्या शब्दाचा मान ठेवला मी.”

माझा मान ठेवून तिने माझं दुकान घालवलं होतं, आणि खोटं त्यात काहीच नव्हतं. ती खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता. “काल संध्याकाळी त्याला शब्द दिला, फरांगीस. आता मोडता येणार नाही.”

‘असू दे, काही बिघडत नाही’ हे वाक्य ओठांवर आलं. वाक्य मी गिळलं.

“मग मला मशीन हवं. खिडकीजवळचं. लांब कात्री हवी. आणि तू दुकान सोडायच्या दिवसापर्यंत काचेवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी हवी, मी कुठे बसते त्याची.”

“कुठे बसतेस?”

“दुपारी सांगते.”

तशीच चौक ओलांडून गेले. “इफ्फत, तुझी मागची खोली मला भाड्याने हवी आहे.”

“अगं, खोली कसली मागतेस! अख्खं दुकान तुझंच आहे, माझ्या डोळ्यांवर बस, भाड्याचं नाव काढलंस तर…”

“तारुफ नको. हो की नाही? आणि भाडं किती?”

इफ्फतच्या हातातला कंगवा हवेतच राहिला. “या थंडीने जीभ पार गोठली की गं तुझी,” ती म्हणाली. मग हिशेबी डोळ्यांनी माझ्याकडे बघून तिने आकडा सांगितला. जास्त होता. तो मी खाली आणला.

एप्रिलपासून मी इफ्फतच्या दुकानात पडद्यामागे बसते. केसांच्या रंगाचा वास शिवणात उतरू नये म्हणून खिडकी उघडी ठेवते. निम्मी गिऱ्हाइकं आली, निम्मी गेली.

गेल्या शुक्रवारी गुनिल्ला आली. दोघींच्या मागे रांगेत उभी राहिली. तिच्या कोटाचं अस्तर बगलेत फाटलं होतं.

“कधी मिळेल?”

“मंगळवारी.”

“उद्या मुलीकडे जायचंय मला.”

मी ढिगाऱ्याकडे पाहिलं. तिच्या आधीचे नऊ कपडे होते, आणि नऊही जणांना मी शब्द दिला होता.

“मंगळवारी, गुनिल्ला.”

तिने मान हलवली. बटणं काढली, खिशांतून रुमाल आणि ट्रामचं कार्ड काढून घेतलं, कोट नीट घडी घालून माझ्यापुढे ठेवला. बाहेर वारा होता. नुसत्या स्वेटरवर ती चौक ओलांडून ट्रामच्या थांब्यावर गेली आणि तिथे ताठ उभी राहिली, चष्म्यांच्या दुकानाकडे पाठ करून.

पडदा बाजूला सारून ट्राम येईपर्यंत मी बघत होते. मग पुढचा कपडा उचलला.