रॅक क, कप्पा तीन, जागा सात

आईची खोली मी एका दिवसात घेतली नाही. एका दिवसात घेतली असती तर कुणीतरी अडवलं तरी असतं, निदान मलाच लाज वाटली असती. मी ती फुटाफुटाने घेतली आणि प्रत्येक वेळी विचारून घेतली. विचारून घेतल्यावर आपण चोर ठरत नाही, असं मला वाटत होतं.

माझा धंदा जुन्या वस्तूंचा. लोक घर बदलतात, वजन कमी करतात, वाढवतात, दुकानं बंद होतात. त्यांचे बूट, जॅकेटं, बॅगा मी गोणीने उचलते, धुते, घासते, फोटो काढते आणि ऑनलाइन विकते. सुरुवातीला माल सोफ्याच्या मागे मावायचा. मग नवरा एक दिवस बुटांवरून घसरून पडला आणि म्हणाला, "घरात माणसं तीन आणि बूट ऐंशी. आपण जाऊ या का बाहेर राहायला?" मी हसले नाही. मला तेव्हा कुठल्याच गोष्टीचं हसू येत नव्हतं, मला जागा हवी होती.

बाबा गेल्यावर आई तिचं घर बंद करून आमच्याकडे आली होती. तिला मागची खोली दिली होती, खिडकीवाली, कोरडी. जुन्या कपड्यांच्या धंद्यात कोरडी खोली म्हणजे काय ते धंदा करणाऱ्यालाच कळतं. ओल लागली की चामड्याला बुरशी आलीच.

"आई, तुझ्या कपाटावर दोन खोकी ठेवू का गं? चारच दिवस."

"ठेव की. कपाटावर मी थोडीच चढून बसणार आहे?"

मग कपाटाचे वरचे दोन कप्पे. मग सगळं कपाट, आणि तिचे कपडे पलंगाखाली प्लॅस्टिकच्या डब्यांत. मग भिंतीला पहिला लोखंडी रॅक. मग दुसरा. तिसरा आणताना तिची खुर्ची आड येत होती, ती बाल्कनीत गेली. शेवटी जॅकेटं लटकवायला मी तिच्या पलंगाच्या वरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक दांडा ठोकून घेतला. प्रत्येक वेळी आई म्हणाली, ठेव की.

"आईंना पलंगावर ताठ बसता येत नाही," नवरा एकदा म्हणाला. "वर कोटांच्या बाह्या डोक्याला लागतात. मी बघितलं, त्या मान वाकडी करून वाचत होत्या."

"मग तू लावून दाखव रॅक! दुसरी भिंत काढ शोधून!" मी त्याच्या अंगावरच गेले. तो गप्प बसला. माझं तोंड उघडलं की समोरचे गप्प बसतात, हा मला तेव्हा माझा गुणच वाटायचा.

आणि खोटं कशाला बोलू, त्या रॅकांचा मला अभिमान होता. अ, ब, क असे तीन रॅक, प्रत्येकाला पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात दहा जागा. वस्तू तयार झाली की ती करड्या, जाड पार्सलच्या पिशवीत घालून तोंड चिकटवायचं आणि वर मार्करने नंबर टाकायचा. क-३-७ म्हणजे रॅक क, कप्पा तीन, जागा सात. ऑर्डर आली की नंबर बघायचा, पिशवी ओढायची, पत्त्याचा कागद चिकटवायचा. आत काय आहे ते बघायचं नाही. बघत बसलं तर चार वाजता कुरिअरवाला दारात उभा आणि आपली निम्मी पार्सलं जमिनीवर. माझी चूक कधी व्हायचीच नाही.

दुसरा नियम रविवारचा. रॅकवर नंबर नसलेलं जे काही सापडेल ते मी उचलून दाराबाहेर टाकायची. नवऱ्याची छत्री गेली, इस्त्री गेली. आईचं विणकाम एकदा बाहेर गेलं, तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. "आई, ही धंद्याची जागा आहे, इथे असं काहीबाही ठेवायचं नाही! नंबर नसेल तर मी टाकून देणार म्हणजे देणार!" तिच्याच खोलीत उभी राहून मी हे बोलले. ती म्हणाली, "बरं बाई, लक्षात ठेवीन," आणि लोकर गोळा करायला बाहेर गेली.

आई माझ्या कामात मदतही करायची. घड्या तिच्याइतक्या सुरेख मला अजून जमत नाहीत. पिशव्या चिकटवायची, नंबर टाकायची. माझे आकडे कोंबडीच्या पायासारखे, तिचे छापल्यासारखे. त्यामुळे मला नंतरही ओळखू आलं नसतं की कुठली पिशवी धंद्याची आणि कुठली तिची.

त्या दिवशी दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. आवाज चढलेला.

"मी तपकिरी बूट मागवले होते. तुम्ही मला गाऊन पाठवलेत! दोन वापरलेले गाऊन, एक स्वेटर आणि सपाता! थट्टा लावली आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी चूक होतच नाही ना! "अहो बाई, मी गाऊन विकतच नाही. कुणाचं तरी दुसरं पार्सल उघडून बसला असाल. वरचा नंबर वाचा बघू."

"क, तीन, सात."

मी रॅककडे गेले. क-३-७ तिथेच होती. फोडून बघितली तर आत तपकिरी बूट. म्हणजे एकाच नंबरच्या दोन पिशव्या होत्या आणि मी न बघता पुढची ओढली होती. मी काही बोलणार, तर बाईंचा आवाज खाली आला होता.

"ऐका ना," त्या म्हणाल्या, "यात प्रत्येक कपड्याच्या गळ्यावर लाल दोऱ्याने नाव शिवलंय. आणि खाली एक फॉर्म आहे. त्यावरचा पत्ता आणि पार्सलच्या मागचा तुमचा पत्ता एकच आहे, म्हणून विचारते. तुमच्या घरात कुणी वृद्धाश्रमात जाणार आहे का?"

मी त्यांना फॉर्मचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यांनी फोटो पाठवला. फॉर्म भरलेला होता, आईच्याच त्या छापल्यासारख्या अक्षरात. येण्याची तारीख पुढचा सोमवार. 'येण्याचे कारण' या रकान्यापुढे तिने लिहिलं होतं: 'मुलीच्या घरी जागेची अडचण.'

तक्रार नाही, एक कडू शब्द नाही. अडचण. एवढ्या वर्षांत मी हजारो वस्तूंची माहिती लिहिली असेल, डाग कुठे, टाका कुठे उसवला, सगळं प्रामाणिकपणे. माझ्याबद्दल एवढी नेमकी माहिती मला लिहिता आली नसती.

आई बाल्कनीत तिच्या खुर्चीवर होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून फोटो बघितला आणि तिचाच चेहरा पडला, अपराधी माणसाचा पडतो तसा.

"अगं बाई! गेली का ती पिशवी? माझंच चुकलं गं. बुटांची पिशवी मागे सरकलेली मला दिसलीच नाही, सातची जागा रिकामी वाटली, म्हटलं बूट विकले गेले. पलंगाखाली डबे ओढायला वाकवत नाही आता. आणि बिननंबराचं ठेवलं असतं तर तू रविवारी बाहेर टाकलं असतंस, म्हणून नंबर घातला. तुझं गिऱ्हाईक तुटलं का?"

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात! आई, तू जाणार होतीस? मला न सांगता?"

"सांगणार होते. रविवारी. तुझी पार्सलं कमी असतात रविवारी."

मी भांडले. मला दुसरं काय येतं? नवऱ्यालाही, तुला माहीत होतं का म्हणून, फाडून खाल्लं. बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. डोळे तपासायला म्हणून ती दोनदा एकटी गेली होती, तेव्हा ती जागा बघून आली होती. सोबत येऊ का, असं तेव्हा मी तिला विचारलंही नव्हतं. कुरिअर यायचा होता.

सोमवारला चार दिवस होते. मी अर्ध्या दिवसात खोली रिकामी केली. दांडा काढला, रॅकचे नटबोल्ट नवऱ्याने खोलले, माल मिळेल त्या भावात हाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या एका बाईला उचलून दिला. ऑर्डरी रद्द केल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. भिंतीला पडलेली भोकं बुजवली. आईचे कपडे डब्यांतून काढून कपाटात लावले, तिची खुर्ची खिडकीशी आणली. त्या गिऱ्हाईक बाईंनी पिशवी परत पाठवली, वर परतीच्या कुरिअरचे पैसेही घेतले नाहीत. बूट मी त्यांना फुकट पाठवले. एवढं सगळं करून मी आईला हाताला धरून खोलीत आणलं.

"बघ! आता सांग, जाणार आहेस?"

आई खुर्चीवर बसली. मोकळ्या भिंतींकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं जिंकले.

"छान दिसतेय गं," ती म्हणाली. "पण बबडे, मी जाते."

"का? अजून काय करू मी? पाया पडू का?"

"रागावून नाही जात मी. तू वाईट नाहीस. पण तुला एकदा कामाचा नाद लागला की थांबता येत नाही आणि मला तुला नाही म्हणता येत नाही. महिन्याभराने तू दारात एक खोकं घेऊन उभी राहशील. चारच दिवस म्हणशील. आणि मी हो म्हणेन. मग तू आत्ता रडतेस तशी पुन्हा रडणार. कशाला?"

मी म्हणणार होते की असं कधी होणार नाही. शपथ घेणार होते. पण खरं सांगते, त्याच क्षणी माझी नजर कपाटाच्या वर गेली होती. तिथे मी काही ठेवणार नव्हते, देवाशपथ नव्हते ठेवणार. पण मोकळी जागा बघितली की ती मनात मोजायची सवय मला लागली होती आणि किती खोकी बसतील ते मला माहीत झालं होतं. आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं. मी शपथ घेतली नाही.

सोमवारी आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. नवरा गाडीत एकही विनोद करू शकला नाही. जागा स्वच्छ होती, हे मी कबूल करते. मी दोष शोधायलाच गेले होते. दोघींची खोली, खिडकीपाशी आईचा पलंग, शेजारी तिचं कपाट. शेजारच्या पलंगावरच्या आजी गाढ झोपल्या होत्या. आई आल्या आल्या पलंगावर बसली, पाठ भिंतीला टेकवून, पाय लांब करून, मान ताठ. तशी बसलेली तिला मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

"मी लावते तुझं सामान," मी म्हणाले. निदान एवढं तरी मला येतं.

"नको, मलाच लावू दे," आई म्हणाली आणि उठली.

तिने एकेक कपडा बाहेर काढला, हात फिरवून घडी सरळ केली आणि आत ठेवला. गाऊन एकीकडे, स्वेटर एकीकडे, औषधं हाताशी, बाबांचा फोटो वरच्या कप्प्यात पुढे. मी नुसती उभी होते. दिवसाला चाळीस पार्सलं भरणारी मी, हात लोंबकळत ठेवून उभी होते, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. नवरा पाणी आणायला म्हणून बाहेर गेला तो लवकर आलाच नाही.

सगळं लावून झालं. आई दोन पावलं मागे सरकली आणि कपाटाकडे बघून समाधानाने हसली. मग तिने खाली बघितलं, माझ्याकडे वळली आणि आवाज बारीक केला, शेजारच्या आजींना ऐकू जाऊ नये म्हणून.

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं, भांडले असते, मोकळी झाले असते. पण आई टोमणे मारत नाही. ती खरंच विचारत होती.

"खालचे दोन कप्पे रिकामेच राहतायत बघ," ती म्हणाली. "कोरडे आहेत. तुला माल ठेवायला हवेत का?"