जाळं तोडणारा म्हातारा

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली रेणापूरच्या नदीत पाऊल भिजेल एवढंही पाणी नव्हतं. जिल्हा आला, पाणी तेवढं यायचं राहिलं, असं म्हणत लोक कोरड्या पात्रातून चपला घालून पलीकडं जायचे. पिराजी भोई त्यामुळं बिनकामाचा झाला होता. पुराच्या दिवसांत उसाचा रस आटवायच्या मोठ्या लोखंडी काहिलीत माणसं बसवून, दोन्ही काठांना बांधलेला दोर हातानं ओढत तो त्यांना पार न्यायचा.

त्याचा पोरगा नरसिंग लढाऊ जहाजावर टेहळणीला होता. सुटीवर आला तो तोंड पाडूनच. तिसऱ्या दिवशी तो बापाला पात्रात घेऊन गेला आणि एकदाचं सांगून टाकलं. त्यांच्या जहाजानं मासेमारांची होडी चिरडली होती. दोघं बुडाले. नरसिंगनं होडी लांबूनच बघितली होती, वर कळवलंही होतं. साहेब म्हणाला, सरकेल ती. आता चौकशीत साहेब म्हणणार होता, होडी कुणाला दिसलीच नाही. नरसिंगनंही तेच म्हणायचं होतं.

"मग म्हण की," पिराजी म्हणाला. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आन् ल्हानानंच सरकायचं आसतंय."

मग त्यानंच विचारलं, "केवढं हाय तरी जहाज?"

नरसिंग वाळूतून चालत सुटला. दीडशे पावलांवर थांबून ओरडला, "एवढं लांब!" परत येऊन त्यानं काठावरची चिंच दाखवली. "नाक हिच्याएवढं उंच. आन् थांबवायचं म्हणलं, तर त्या माळावरच्या देवळापस्तोर जाऊन थांबतंय."

पिराजीनं दीडशे पावलं स्वतः मोजली. माणसानं केलेली वस्तू एवढी? आणि तिला तोलून धरणारं पाणी तरी केवढं असेल? आपल्याला पाणी कळतं, असं त्याला सगळी जिंदगी वाटत आलं होतं. चिंचेखाली उभा राहून तो वर बघत राहिला. होडीतल्या माणसाला असंच दिसलं असणार.

"ते सरकले का न्हाईत रं?"

"जाळं पाण्यात होतं, आबा. होडीला बांधलेलं. एक म्हातारा कोयत्यानं जाळं तोडत होता. वर बघतबी नव्हता. दुर्बिणीतून मला त्याचे हात दिसत होते."

पिराजीला जुनी गोष्ट आठवली. एका पुरात वरून लिंबाचं झाड वाहत आलं होतं. काहिलीत पाच माणसं, आणि काहील दोराला जखडणारी गाठ काही केल्या सुटेना. झाड हातभर अंतरावरून गेलं म्हणून सगळे वाचले. आपले हात तेव्हा किती कापत होते, हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"खरं सांगितलं तर मला जहाजावर ठेवणार न्हाईत," नरसिंग म्हणाला. "पुन्हा समुद्र दिसायचा न्हाई मला."

पोराचा समुद्रावर एवढा जीव जडलाय, हे पिराजीला आत्ता कळलं.

"बाळा," तो हळूच म्हणाला, "त्याचे हात बघितलेला तू एकटाच हायस. तू न्हाई म्हणलास, तर म्हातारा नुसता बसून मेला आसं होईल. तो बसला नव्हता."

"उद्याच निघतो. त्याचे हात दिसले होते म्हणून सांगतो," नरसिंग म्हणाला. सुटीचे अजून आठ दिवस बाकी होते.